खाडीचे बारा महिने

म्हसळा तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव-गाव छापू नये असे त्यांनी लिहिले आहे, म्हणून ते गाळतो. त्यांची मुलगी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, गुणही चांगले मिळाले. आता घरात दोन मते आहेत. मुलीचे वालिद कुवेतला असतात. त्यांचे म्हणणे, तिने बी.एड. करावे, शाळेत लागावे, घराजवळ राहावे. मुलीला इकॉलॉजी किंवा पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करायचे आहे. आजीचा सवाल सर्वांत सरळ आहे: ‘‘चिखलात उतरून खेकडे मोजायला एवढं शिकायचं कशाला? ते तर न शिकलेली बाईपण करते.’’ भगिनी विचारतात, हे शिक्षण नेमके काय असते, त्यात पोट भरते का, आणि मुलीच्या जातीला ते झेपेल का?

या सदरात आम्ही औषधनिर्माण, नर्सिंग, सी.ए., वकिली अशा वाटांबद्दल लिहीत आलो. या वाटेबद्दल आजवर कोणी विचारले नव्हते. म्हणून उत्तर थोडे लांबवतो.

आजीच्या सवालापासून सुरुवात करू. तिसऱ्या कुठे मिळतात, निवटे कोणत्या चिखलात उड्या मारतात, चिंबोरी कधी भरलेली असते, हे किनाऱ्यावरच्या बाईला कोणत्याही प्राध्यापकापेक्षा जास्त कळते. पूर्वी जास्त मिळायचे, आता कमी मिळते, हेही ती सांगते. पण पूर्वी म्हणजे कोणत्या साली? जास्त म्हणजे किती? कमी झाले ते पाण्यामुळे, गाळामुळे, की उपसा वाढल्यामुळे? हे कोणी कागदावर मागितले तर तिच्यापाशी कागद नसतो. ज्याच्यापाशी कागद नाही त्याचे म्हणणे सरकारदरबारी गप्पा ठरते. पर्यावरण-निरीक्षण म्हणजे हा कागद तयार करण्याची विद्या. अर्ध्या किंवा एक मीटरची चौकट चिखलावर ठेवायची, आतल्या शिंपल्या, खेकड्यांची बिळे, तिवराची रोपे मोजायची. महिन्याने त्याच जागी, तशाच ओहोटीला पुन्हा मोजायची. दहा वेळा, वीस वेळा. ऐकायला सोपे वाटते. अवघड आहे ते न चुकता करणे, आणि आकडा मनाला पटो न पटो, दिसला तसा लिहिणे.

आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर हे काम नवीन नाही. अलिबागजवळच्या किहीमची गोष्ट अनेकांना ऐकून ठाऊक असेल, पण ती पूर्ण सांगण्याजोगी आहे. डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. आई-वडील लहानपणीच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी सांभाळ केला. कॉलेजात मन लागले नाही, विद्यापीठाची पदवी हाती आली नाही. ब्रह्मदेशात घरच्या व्यवसायात काही वर्षे गेली. पक्ष्यांचे वेड मात्र सुटले नाही. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत पक्षितज्ज्ञाची जागा निघाली तेव्हा पदवी नाही म्हणून ती मिळाली नाही. पुढे १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्याता म्हणून काम मिळाले, मग ते बर्लिनला एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले. १९३० साली परत आले तर म्युझियममधली जागाच उरली नव्हती. बेकार माणूस, बरोबर पत्नी तेहमिना. दोघे किहीमला समुद्राकाठच्या घरात राहायला आले.

घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळाभर सलीम अलींनी ती पाहिली. रोज कोणत्या खोप्यात काय चालले आहे याची नोंद ठेवली. तोवर समजूत अशी की नर-मादी मिळून घरटे बांधतात. नोंदींतून वेगळेच निघाले. नर एकटाच अर्धा खोपा विणतो. मादी येऊन तो पाहते, पसंत पडला तर ताबा घेते. मग नर उरलेला भाग आणि लांब नळी पूर्ण करतो. मादी अंड्यांवर बसली की तो शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. या निरीक्षणावरचा त्यांचा निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि अभ्यासकांत त्यांचे नाव झाले. दुर्बीण, वही आणि सलग काही महिने एका जागी राहण्याची सवड, एवढेच भांडवल. शहरातून रविवारी येऊन जाणाऱ्याला हे दिसले नसते. पावसाळ्यात किहीमला राहणाऱ्याला दिसले.

मग लोक म्हणतात, सलीम अलींना पदवी नव्हती तरी ते एवढे मोठे झाले, तर पदवी हवी कशाला? आम्हाला हा युक्तिवाद पटत नाही. पदवी नसल्याची किंमत त्यांनी मोजली, वर्षानुवर्षे मोजली. घराण्याचा आधार नसता तर काय झाले असते, कोण जाणे. पुढे मुंबई विद्यापीठाने सोसायटीला पदव्युत्तर संशोधनाचे केंद्र म्हणून मान्यता दिली आणि पदवी नसलेले सलीम अली स्वतः पदवीच्या विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक झाले. त्यांच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी विजयकुमार आंबेडकर यांनी सुगरणींवरच संशोधन केले. म्हणजे किहीमच्या त्या वहीतून पुढे विद्यापीठाचा रीतसर अभ्यास उभा राहिला. म्हसळ्याच्या मुलीला आज जो अभ्यासक्रम मिळतो, त्याच्या मुळाशी रायगडच्या किनाऱ्यावरचा एक पावसाळा आहे असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरे उदाहरण अलिबागचेच, आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. (रायगड जिल्ह्याचे नावही १९८१ पर्यंत कुलाबाच होते, त्यामुळे गोंधळ होतो, ही वेधशाळा मुंबईतली.) शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले तेव्हा प्रश्न पडला, कारण विजेच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडतात. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी नवी जागा शोधली ती अलिबाग. लोखंडाचा स्पर्श नको म्हणून इमारती चुंबकत्व नसलेल्या दगडाच्या बांधल्या. १९०४ मध्ये अलिबागची मोजणी सुरू झाली. पण जुनी लगेच बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजत राहिले, म्हणजे जुने आकडे नव्यांशी जुळवता यावेत. ट्राम १९०७ मध्ये धावली. आज ती वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि जुन्या-नव्या मिळून पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाच्या नोंदींची साखळी शाबूत आहे. निरीक्षण म्हणजे काय हे एखाद्या मुलाला समजावायचे असेल तर ती दोन वर्षे सांगावीत. साखळी तुटू नये म्हणून दुप्पट काम पत्करणारी माणसे.

हे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे झाले. खाडीच्या पाण्याची अशी साखळी आपल्याकडे किती ठिकाणी आहे? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले ते श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, मुरूडचे लोक विसरणार नाहीत. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, कौले उडाली, महिनोन् महिने वीज नव्हती. झाडे मोजून पंचनामे झाले. पण पुळण किती हटली, कांदळवनात किती झाडे मोडली आणि त्यांतली किती पुन्हा फुटली, खाजणात खारे पाणी किती आत आले, याचे उत्तर द्यायचे तर वादळाआधीचे माप हवे. वादळानंतर आलेला तज्ज्ञ कितीही हुशार असो, आधीचे माप तो कुठून आणणार?

माप आधीपासून असले तर काय होते, हे म्हसळ्याच्या लोकांना गिधाडांवरून कळेल. तालुक्यातल्या चिरगावची गिधाडे आता सगळ्यांना माहीत आहेत. देशभर गिधाडे संपत आहेत हे कळले ते राजस्थानातल्या भरतपूरच्या मोजणीमुळे. तिथे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८७-८८ च्या हंगामात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी मोजली होती. १९९६-९७ मध्ये तीच मोजणी केली तर १५० निघाली, आणि पुढच्या काही वर्षांत एकही उरले नाही. पहिली मोजणी झाली तेव्हा गिधाडे जिकडेतिकडे होती. एवढ्या सामान्य पक्ष्याची घरटी मोजणाऱ्याला लोक हसलेही असतील. पण तो आकडा नसता तर ‘गिधाडे कमी झाली वाटतं’ एवढ्यावरच विषय थांबला असता. कारण २००४ साली उजेडात आले: जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जाते आणि त्याचे मूत्रपिंड निकामी होते. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. हे कारण पाकिस्तानात काम करणाऱ्या पथकाने शोधले. पक्ष्यांना सरहद्द नसते.

आता पत्रातल्या दुसऱ्या प्रश्नाकडे: शिकवतात काय?

पाण्याचेच घ्या. खाडीतून बाटली भरायची, तीही अशी की आत हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये. तिथेच, होडीत किंवा काठावर, दोन रसायने घालायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा राहतो. किती आहे ते प्रयोगशाळेत थेंब थेंब मोजून काढायचे. तशीच दुसरी बाटली बंद करून तीन दिवस २७ अंशांवर ठेवायची आणि त्या काळात जंतूंनी किती प्राणवायू खाल्ला ते पाहायचे. त्याला बी.ओ.डी. म्हणतात. नदीचे पाणी आंघोळीला योग्य ठरायचे तर लिटरला निदान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा आणि बी.ओ.डी. ३ च्या वर नको. हे कळले की वर्तमानपत्रातली प्रदूषणाची बातमी वेगळ्या डोळ्यांनी वाचता येते. कालवे आणि शिंपल्या दिवसरात्र पाणी गाळून खातात, त्यामुळे पाण्यातले जड धातू त्यांच्या अंगात साठतात. पाण्यात सहज न सापडणारा धातू कालवात सापडतो, म्हणून जगभर १९७० च्या दशकापासून कालव-शिंपल्यांवरून समुद्राची तब्येत पाहतात. याशिवाय नकाशे, उपग्रहाची चित्रे, संख्याशास्त्र आणि पर्यावरणाचे कायदे. संख्याशास्त्राला मुली घाबरतात. घाबरू नये, पण टाळूही नये. ज्याला ते येते त्याला काम मिळते.

पण या शिक्षणाचे आमच्या मते खरे मोल दुसरीकडेच आहे, आणि ते आपल्या घरांशी संबंधित आहे. उरणपासून दिघीपर्यंत आपल्या किनाऱ्यावर बंदरे आहेत, खतांचा आणि पोलादाचा कारखाना आहे. कुंडलिकेवर रोह्याजवळ धाटाव, सावित्रीवर महाड, या रासायनिक उद्योगांच्या वसाहती आहेत. एक नदी रेवदंड्याला समुद्रात जाते, दुसरी बाणकोटला. कारखाने आले, रोजगार आला, कितीतरी घरांत त्यांचाच पगार येतो. त्यांना सरसकट शिव्या घालणे आम्हाला मान्य नाही. पण मोठा प्रकल्प यायचा तर १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे त्याच्या परिणामांचा अहवाल करावा लागतो, आणि बहुतेक मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी घ्यावी लागते. तिची निदान ३० दिवस आधी सूचना निघते. अहवालाचा सारांश मराठीतही ठेवावा लागतो. सुनावणीला जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी असतात, गावातला कोणीही बोलू शकतो.

बोलायला आपले लोक जातात. मोठ्या आवाजात बोलतात. पण अहवालातल्या तक्त्यांचे काय? पुष्कळ अहवालांत मूळ मोजणी एका हंगामाची असते, साधारण तीन महिन्यांची, आणि पावसाळा सोडून. देशाच्या कोरड्या भागात ते एक वेळ चालेल. कोकणात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस चार महिन्यांत पडतो. मे महिन्यात जी खाडी समुद्राइतकी खारट असते तिचे वरच्या भागातले पाणी जुलैत जवळजवळ गोडे होते. गाळ तेव्हा येतो, पिल्ले तेव्हा वाढतात, वरून वाहून येणारे सगळे तेव्हाच येते. थंडीत मोजलेली खाडी आणि आषाढातली खाडी या दोन वेगळ्या खाड्या आहेत. हे सुनावणीत उभे राहून, तक्त्याचा क्रमांक सांगून विचारणारा माणूस लागतो. तो मुंबईहून उसना आणता येतो, आणतातही. पण पावसाळ्यात होड्या ओढलेल्या असताना, रस्ते वाहून गेलेले असताना खाडीचे माप घ्यायला मुंबईचा माणूस येत नाही. ते जिचे घर तिथे आहे तिलाच जमते. म्हसळ्याच्या मुलीने एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी राजपुरी खाडीची एक जागा धरली आणि बारा महिने, आषाढ-श्रावण धरून, मोजली, तर तो कागद तिच्या पदवीपुरता राहणार नाही.

तिसरा प्रश्न, मुलीच्या जातीला झेपेल का. आम्ही उलट विचारतो, खाडीत तिसऱ्या काढायला शतकानुशतके कोण जाते? तेहमिना अली रानावनातल्या मुक्कामांत पतीबरोबर राहिल्या. त्या छावण्यांची व्यवस्था त्यांच्याकडे असे. बिहारमध्ये १९२३ साली जन्मलेल्या जमाल आरा यांचे शालेय शिक्षणच जेमतेम झाले होते, तरी छोटा नागपूरच्या पक्ष्यांवरची त्यांची टिपणे शास्त्रीय नियतकालिकांत आली आणि नॅशनल बुक ट्रस्टने १९७० मध्ये त्यांचे पक्षिनिरीक्षणाचे पुस्तक काढले. मुसलमान घरातली बाई, त्या काळात.

तरी आईची काळजी खोटी नाही, म्हणून व्यवहाराचे बोलू. आपल्या किनाऱ्यावर चांदरातीच्या आणि चौदाव्या-पंधराव्या चांदाच्या सुमारास उधाण असते. जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. अमावस्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास आणि ओहोटी पहाटे-संध्याकाळी सहाच्या आसपास येते. चिखलातले काम याच मोठ्या ओहोटीला करायचे असते. म्हणजे फजरची नमाज पढून निघालेली मुलगी नऊला घरी येऊन चहा पिऊ शकते. संध्याकाळची ओहोटी सोडून द्यावी, पहाटेची धरावी. अभ्यासाचे काही बिघडत नाही, उलट वेळ दर महिन्याला एकच राहते. एकटीने जाऊ नये, मुलानेही जाऊ नये. पाणी कधी फिरते हे माहीत असलेले माणूस बरोबर हवे. गावात अशी माणसे आहेत, त्यांना विचारण्यात कमीपणा नाही. चिखलात गमबूट रुततात आणि कालवांच्या कडा पाय कापतात, त्यासाठी घट्ट बांधलेले जुने कापडी बूट बरे. सलवार-कमीज आणि डोक्याला बांधलेली ओढणी यांनी या कामात काही अडत नाही. वसतिगृह आणि लांबच्या शिबिरांबद्दल मात्र प्रवेशाआधीच विभागात जाऊन विचारावे: बरोबर बाई शिक्षक असतात का, मुक्काम कुठे असतो. हे विचारणे आई-बापाचा हक्क आहे, आणि नीट चालणारा विभाग याचे सरळ उत्तर देतो.

कुठे शिकावे? विज्ञानाची पदवी असली की बहुतेक ठिकाणी पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.ला अर्ज करता येतो; रसायनशास्त्राच्या मुलांनाही. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग आहे, भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था आहे, आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेचे एम.एस्सी. आहे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ. मुंबई विद्यापीठाशी संलग्न काही महाविद्यालयांतही हा विषय आहे. समुद्राकडे ओढा असेल तर गोवा विद्यापीठाचे सागरी विज्ञान, किंवा मत्स्यशाखेची पदवी असल्यास वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात वन्यजीवांचे एम.एस्सी. आहे, जागा मोजक्या आणि परीक्षा कठीण, पण तिथे नंबर लागला तर घरच्यांनी विचार करत बसू नये. पुदुच्चेरीसारख्या केंद्रीय विद्यापीठांत इकॉलॉजी शिकवतात, त्यासाठी सी.यू.ई.टी. द्यावी लागते.

नावावर जाऊ नये. कुठे पर्यावरणशास्त्र म्हणजे सारा भर रसायनावर आणि सांडपाण्यावर असतो, कुठे जंगलावर. विभागात जाऊन दोन गोष्टी पाहाव्यात: दोन वर्षांत प्रत्यक्ष बाहेर किती दिवस काम असते, आणि बी.ओ.डी.ची बाटली विद्यार्थी स्वतः लावतात की शिक्षक लावून दाखवतात. गेल्या तुकडीची मुले आज कुठे आहेत, हे शिक्षकांना नव्हे, शक्य तर त्या मुलांनाच विचारावे. आणखी एक सावधगिरी. आपल्या भागात आखाताच्या नोकरीसाठी ‘फायर अँड सेफ्टी’चे काही महिन्यांचे डिप्लोमे फार चालतात. त्यांना त्यांची जागा आहे, पण ते हे शिक्षण नव्हे. जाहिरातीत ‘एन्व्हायर्नमेंट’ शब्द दिसला म्हणून फसू नये.

आता पोटाचा प्रश्न. सुरुवातीचा पगार औषधाच्या दुकानावर बसलेल्या फार्मासिस्टच्या आसपासच राहील, कधी त्याहून कमी, आणि पुष्कळ कामे वर्ष-दोन वर्षांच्या करारावर असतात. हे लपवण्यात अर्थ नाही. पण काम आहे, कारण कायद्याने निर्माण केलेले आहे. संमती घेऊन चालणाऱ्या कारखान्याला दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरणाचे विवरणपत्र द्यावे लागते. ज्यांना पर्यावरण मंजुरी आहे त्यांना सहा महिन्यांनी अनुपालन अहवाल. ते नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत तपासले जातात. म्हणजे कारखान्याचा पर्यावरण विभाग, खासगी प्रयोगशाळा, अहवाल करणाऱ्या संस्था, प्रदूषण नियंत्रण मंडळ, वनखात्याचा कांदळवन कक्ष, संशोधन प्रकल्प, कॉलेजातली शिक्षकी. महाराष्ट्राने २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्ष जाहीर केले, कांदळवनांवर न्यायालयांचेही लक्ष आहे, त्यामुळे त्या बाजूचे काम वाढलेच आहे. आखातातही खारे पाणी गोडे करणारे प्रकल्प आणि बंदरे यांना असे लोक लागतात. वालिदसाहेबांनी आपल्या कंपनीत चौकशी करून पाहावी, कदाचित त्यांच्याच साइटवर कोणीतरी हे काम करत असेल.

पीएच.डी.कडे जायचे तर यू.जी.सी.च्या नेट परीक्षेत पर्यावरणशास्त्र हा विषय आहे, गेटमध्ये ‘इकॉलॉजी आणि उत्क्रांती’ आणि २०२१ पासून ‘पर्यावरणशास्त्र’ अशा दोन प्रश्नपत्रिका आहेत. जे.आर.एफ. मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून केंद्र सरकारने बंद केली. आम्हाला तो निर्णय चुकीचा वाटतो, पण त्या आशेवर बसू नये, जे.आर.एफ.ची तयारी पहिल्या वर्षापासून करावी. आणि बी.एड. ही काही या वाटेची दुश्मन नाही. एम.एस्सी.नंतरही करता येते, आणि मग बारावीपर्यंत शिकवता येते. वालिदांना ही तडजोड सुचवून पाहावी.

प्रवेशाच्या जाहिराती साधारण उन्हाळ्यात निघतात, सी.यू.ई.टी., गेट यांचे अर्ज त्याच्या कितीतरी आधी बंद होतात. तोवर मुलीने रिकामे बसू नये. खाडीवर एक जागा धरावी, जिथून एखादा पूल, खडक किंवा जुना बांध कायम दिसतो. दर पौर्णिमेला आणि अमावस्येला पहाटेच्या ओहोटीला त्याच जागेवरून, त्याच दिशेने एक फोटो घ्यावा. पाणी कुठवर उतरले, चिखलावर काय दिसले, त्या दिवशी बायकांना टोपलीभर मिळाले की अर्धी, तारीख-वेळ घालून वहीत लिहावे. ज्या दिवशी जाता आले नाही तो दिवसही ‘गेले नाही, पाऊस’ असा लिहावा. कोरा सोडू नये. आजींना बरोबर न्यावे किंवा आणलेले त्यांना दाखवावे आणि प्रत्येक शिंपलीचे, खेकड्याचे, माशाचे त्यांच्या तोंडचे नाव वहीत उतरवून घ्यावे. शास्त्रीय नावे विद्यापीठात मिळतील. आजींची नावे दुसरीकडे कुठे मिळत नाहीत. मुलाखतीला गेली की ही वही टेबलावर ठेवावी.